भाड्यासाठी पहिला फ्लॅट घेताना: आधी हप्त्याचा हिशेब, मग जागा

‘भाड्यातच हप्ता निघून जाईल’ हे वाक्य फ्लॅट दाखवायला आलेला एजंट पहिल्या दहा मिनिटांत म्हणतोच. महाराष्ट्रातल्या शहरांत ऐंशी टक्के कर्ज काढून घेतलेल्या निवासी फ्लॅटच्या बाबतीत ते सहसा खरं नसतं. त्यामुळे हा लेख जागा कशी शोधावी इथून सुरू होत नाही, कागद-पेन्सिलीपासून सुरू होतो. हिशेब जमला तरच पुढच्या पायऱ्या कामाच्या.

पहिली पायरी: महिन्याचा खड्डा मोजा

पुण्यात ४८ लाखांचा, तयार इमारतीतला, वापरलेला वन बीएचके घ्यायचा आहे असं धरू. भाडं १५,००० येईल. कर्ज ८० टक्के म्हणजे ३८,४०,०००, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. या दराने आणि मुदतीने लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिन्याला जवळपास ३३,३२५.

आता भाडं. १५,००० गुणिले १२ हा हिशेब सोडून द्या. भाडेकरू बदलताना रंगरंगोटीत आणि नवा माणूस शोधण्यात वर्षातून एक महिना जातो असं धरून ११ महिने घ्या: १,६५,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,५०० प्रमाणे ३०,०००, मिळकतकर ९,००० आणि किरकोळ दुरुस्ती व एजंटची दलाली मिळून १२,००० वजा करा. उरतात १,१४,०००, म्हणजे महिन्याला ९,५००.

हप्ता ३३,३२५, हातात ९,५००. दर महिन्याला सुमारे २३,८०० रुपये पगारातून घालायचे, आणि तेही वर्षानुवर्षं. पहिल्या हप्त्यात २७,२०० रुपये नुसतं व्याज असतं, मुद्दल फिटते जेमतेम सहा हजार.

हाच हिशेब उलटा करून बघा. ९,५०० रुपयांत वीस वर्षांचं किती कर्ज फिटेल? जवळपास ११ लाख. म्हणजे हा फ्लॅट स्वतःच्या भाड्यावर फक्त ११ लाखांचं ओझं उचलू शकतो. त्याच्या वरचं प्रत्येक लाख तुमच्या पगारातून फिटणार. कुठलाही फ्लॅट बघायला जाण्याआधी हा एक आकडा काढायची सवय लावली की निम्मे फ्लॅट घरबसल्याच बाद होतात. सूत्र सोपं आहे: खर्च वजा जाता उरणारं महिन्याचं भाडं भागिले लाखामागचा हप्ता.

पगारातून २३,८०० घालणं चूक आहे असं नाही. किंमत वाढेल या भरवशावर बरेच लोक जाणूनबुजून तसं करतात. पण मग ती किमतीवर लावलेली पैज आहे, ‘भाड्याचं उत्पन्न’ नव्हे. नोकरी गेली तर तो खड्डा किती महिने भरता येईल, हे आधी ठरवा. सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे इथे दोन लाख, वेगळ्या ठेवीत असल्याशिवाय विसार देऊ नका.

हातात रोख किती लागेल

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, बँक कमीही देते. आणि या ‘किमतीत’ मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरत नाहीत, ती खिशातूनच.

वरच्याच उदाहरणात स्वतःचे ९,६०,०००. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ३,३६,००० (मुंबईत ६ टक्के). नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. एजंटला १ टक्का धरला तर ४८,०००. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि गहाणखताचं शुल्क मिळून ४०,००० धरा. फ्लॅट भाड्याने जाण्याजोगा करायला, म्हणजे रंग, पंखे, गीझर, नळ आणि एखादी ओल, एक लाख. एकूण १५,१४,०००. ‘वीस टक्के जमवले की झालं’ असं समजून बसलेला माणूस इथे साडेपाच लाखांनी तोंडघशी पडतो.

ही तूट वैयक्तिक कर्ज काढून भरू नका. व्याज जास्त, मुदत कमी, आणि दोन्ही हप्ते मिळून गृहकर्जाची पात्रताच खाली येते.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी) किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव, पेठ आणि सर्व्हे नंबरप्रमाणे दिसतात. ते बघूनच बोलणी करा. घर पूर्णपणे बाईच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. शिवाय व्याजाची वजावट मागणारा माणूस मालकही असावा लागतो. फक्त सहकर्जदार असून भागत नाही. एका टक्क्यासाठी नाव ठरवण्याआधी हे दोन्ही तपासा.

बँकेकडे जागा ठरण्याआधी जा

क्रम असा ठेवा: आधी सीबिल अहवाल (तुमच्या आजवरच्या कर्जफेडीची नोंद आणि गुण), मग बँकेची तत्त्वतः मंजुरी, मग फ्लॅट. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. गुण ७५० च्या वर असतील तर चांगला दर मिळायला सोपं जातं. अहवालात फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतं, बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर दोनशे रुपये थकलेले दिसतात. हे दुरुस्त व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून आधी.

सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत बँक जाऊ देते. राहत्या घराचं कर्ज चालू असेल तर तेही त्यातच. पुढे येणारं भाडं उत्पन्नात धरावं अशी अपेक्षा असते, पण भाडं धरायचं तर बँक सहसा नोंदवलेला करार मागते आणि तेव्हाही सगळं भाडं धरत नाही. जो फ्लॅट अजून घेतलेलाच नाही त्याचा करार कुठून आणणार? म्हणून पहिल्या फ्लॅटसाठी पात्रता पगारावरच मोजा.

‘हे राहण्यासाठी आहे’ असं अर्जात ठोकून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. देऊ नका. कर्जाच्या करारात वापराची अट असते आणि खोटी माहिती हे कर्ज परत मागण्याचं कारण होऊ शकतं.

दोन-तीन बँकांची तुलना करताना नुसता व्याजदर बघू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘मुख्य तथ्ये विवरण’ द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून होणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा शेजारी शेजारी ठेवा. कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा एकरकमी विमा बहुतेकदा कर्जातच मिळवतात, म्हणजे विम्यावरही वीस वर्षं व्याज. बाहेरून साधा मुदत विमा घेतला तर तो स्वस्त पडतो.

जागा: मालकाच्या नाही, भाडेकरूच्या डोळ्यांनी

स्वतः राहायचं असतं तर बघितल्या असत्या त्या गोष्टी इथे विसरा. पूर्वेचं दार, बाल्कनीतून दिसणारी टेकडी यांचं भाडं कुणी वेगळं देत नाही. कामाच्या ठिकाणी पोचायला लागणारा वेळ, पाणी, लिफ्ट, दुचाकी-चारचाकीची जागा आणि मोबाइलची रेंज यांचं देतात.

भाडं किती येईल हे विकणाऱ्याला विचारू नका. भाडेकरू बनून त्याच भागातल्या तीन एजंटांना फोन करा, ‘याच सोसायटीत किंवा शेजारी वन बीएचके हवा’ म्हणा. तिघांनी सांगितलेल्या आकड्यांतला सर्वांत लहान आकडा हिशेबात घाला. मग सोसायटीच्या वॉचमनला विचारा, सध्या किती फ्लॅट रिकामे आहेत. पाचमजली इमारतीत चार फ्लॅट तीन महिन्यांपासून रिकामे असतील तर वर्षाला एकच महिना रिकामा जाईल हा तुमचा आकडा खोटा ठरला.

एप्रिल-मे महिन्यातली मेंटेनन्सची बिलं मागा. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात तिथे २,५०० चा मेंटेनन्स दोन महिने ४,००० होतो. सोसायटी ‘बॅचलर नकोत’ म्हणते का, तेही आधीच विचारा. कायद्याने काय चालतं हा नंतरचा वाद आहे. तुमचा भाडेकरू मात्र पहिल्या कटकटीलाच निघून जातो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट पहिल्या व्यवहारासाठी टाळलेला बरा. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो (४५ लाखांपर्यंतच्या आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या आतल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का). भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटवर जीएसटी नाही. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज मात्र सुरू. तरीही घ्यायचाच असेल तर प्रकल्पाचं पान महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर उघडा आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते बघा. नोंदवलेला करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही.

कागद: इथे घाई केली की पैसे अडकतात

वापरलेल्या फ्लॅटसाठी विकणाऱ्याकडून या गोष्टींच्या प्रती घ्या: बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र.

या साखळीतला एक जरी करार गहाळ असेल तर थांबा. १९९० च्या दशकातल्या फ्लॅटांत एखादा मधला व्यवहार साध्या मुद्रांक कागदावर, न नोंदवता झालेला सापडतो. ‘तेव्हा असंच चालायचं’ हे खरं असलं तरी बँक पैसे देत नाही. तो दोष विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, दंड भरून, तुमच्या विसाराआधी दूर करायचा. मूळ मालक वारला असेल तर नामनिर्देशनावर समाधान मानू नका. सोसायटीतला नॉमिनी हा मालक असतोच असं नाही. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत पाच-सात लाखांनी स्वस्त मिळते, आणि मोह नेमका तिथे होतो. बऱ्याच बँका तिथे कर्ज देत नाहीत. ज्या देतात त्या जास्त दराने देतात. म्हणजे उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही तेवढंच कमी. शहराच्या कडेला ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उठलेल्या इमारतींची तीच गत. सोसायटीच्या नावाने जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीकडे येणं) झालं आहे का, हे जुन्या इमारतीत जरूर विचारा. पुनर्विकासाची वेळ येते तेव्हा तो कागद लागतो.

तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल (मालकी आणि बोजांच्या नोंदींची तपासणी) घ्या. बँकेचाही वकील असतो, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. तुमचे पंधरा लाख ही त्याची काळजी नाही.

विसार, करार, नोंदणी

विसार देताना रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा खात्यातून द्या आणि विसारपावतीत दोन वाक्यं घालून घ्या: शोध अहवालात दोष निघाला किंवा बँकेने या मिळकतीवर कर्ज नाकारलं तर विसार अमुक दिवसांत पूर्ण परत मिळेल, आणि करार अमुक तारखेपर्यंत नोंदवला जाईल. ही दोन वाक्यं घालायला नकार देणाऱ्याशी व्यवहार करू नका.

काही रक्कम रोख मागितली जाईल. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. आणि देणाऱ्याचा तोटा वेगळाच: करारात कमी दाखवलेली किंमत पुढे विकताना तुमच्या डोक्यावर भांडवली नफा म्हणून येते. शिवाय कर्जही करारातल्या कमी किमतीवरच मिळतं.

आता बँकेच्या मूल्यांकनाकडे. तुम्ही ४८ लाखांना ठरवलंत आणि बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने ४५ लाख लावले, तर ८० टक्के ४५ वर, म्हणजे ३६ लाख. २ लाख ४० हजार अचानक खिशातून. इमारत जुनी असेल तर मुदतही कापली जाते आणि हप्ता फुगतो. म्हणून विसार देण्याआधी त्याच बँकेने या इमारतीत आधी कर्ज दिलं आहे का, हे विचारून घ्या.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला देताना १ टक्का टीडीएस कापून, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत आयकराच्या संकेतस्थळावरून भरायचा असतो. तो तुम्हीच भरायचा, बँक नाही. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात. तो अनिवासी भारतीय असेल तर ५० लाखांची सूटही नाही आणि १ टक्क्याचा नियमही नाही, दर बराच मोठा असतो. ‘विकणारे सध्या कुठे राहतात?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. मुलगा मुखत्यारपत्रावर सही करतोय आणि वडील परदेशात, असं विसारानंतर कळलं तर सगळं वेळापत्रक कोलमडतं.

करार नोंदवल्यावर इंडेक्स टूची प्रत काढा आणि सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ, नावाचं स्पेलिंग जुळवून बघा. चूक असेल तर चूक दुरुस्ती पत्र त्याच आठवड्यात करा. विकणारा पैसे मिळाल्यावर सहीला येत नाही.

विकणाऱ्याचंच कर्ज चालू असेल तर

हा प्रकार इतका सर्रास आहे की याला वेगळी जागा द्यायला हवी. मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेले असतात. क्रम असा लावा. विकणाऱ्याने त्याच्या बँकेकडून दोन पत्रं आणायची: कर्ज फेडायला अमुक तारखेपर्यंत किती रक्कम लागेल याचं, आणि बँकेच्या ताब्यात कुठले मूळ कागद आहेत त्यांच्या यादीचं. ही यादी तुमच्या वकिलाच्या यादीशी ताडून बघा. करार नोंदवला की तुमची बँक त्या बाकी रकमेचा चेक थेट त्याच्या बँकेच्या नावाने काढते. उरलेली रक्कम विकणाऱ्याला. तोपर्यंत स्वतःच्या वाट्यातले दोन-तीन लाख हाती ठेवा आणि मूळ कागद तुमच्या बँकेत पोचल्यावर द्या, आणि ही अट करारातच लिहा.

फेडीच्या पत्राची तारीख बघायला विसरू नका. ती उलटली की व्याज वाढतं, चेक काही हजारांनी कमी पडतो आणि नवं पत्र येईपर्यंत कागद सुटत नाहीत. हा सगळा गोंधळ तीन-चार हजारांसाठी होतो.

कर्जवाटपानंतर ३० दिवसांत गहाणाची सूचना नोंदणी विभागाकडे दाखल करावी लागते. बँकेचा माणूस करतो असं गृहीत धरू नका, पावती मागा.

ताब्यानंतर

सोसायटीकडे भाग दाखल्यावर नाव चढवायला अर्ज करा. महापालिका हद्दीत सोसायटी कमाल २५,००० रुपये हस्तांतर अधिमूल्य घेऊ शकते. ‘विकासनिधी’ किंवा ‘देणगी’ या नावाने त्याच्या वर मागणं नियमाबाहेर आहे. वीजमीटर आणि मिळकतकराच्या बिलावरही नाव बदला. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिलात की ती जाते, त्यामुळे विकणाऱ्याची जुनी पावती बघून कराचा आकडा धरू नका.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. दुप्पट मेंटेनन्स मागणारी सोसायटी भेटली तर आदेश दाखवून लेखी तक्रार उपनिबंधकांकडे करता येते.

भाडेकरू आणि करार

महाराष्ट्रात ‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी भाड्याने राहू देण्याचा) करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तो दुप्पट भाड्याचा देणेकरी होतो.

खर्चही फारसा नाही. १५,००० भाडं, ६०,००० परतीची अनामत, ११ महिने. एकूण भाडं १,६५,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००, बेरीज १,७०,५००. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ४२६, वरच्या शंभरात ५०० रुपये मुद्रांक. शहरी भागात नोंदणी फी १,०००. नोंदणी घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होते. एजंट यासाठी तीन हजार मागत असेल तर उरलेले त्याच्या मेहनतीचे, सरकारचे नाहीत.

करारात या बाबी स्पष्ट लिहा: मेंटेनन्स कोण भरणार, वीजबिल कोणाकडे, रंगाचे पैसे अनामतीतून कापायचे की नाही आणि कापायचे तर किती, मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची सूचना. चावी देताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो दोघांच्या मोबाइलवर असू द्या. अनामत वेगळ्या ठेवीत ठेवा. ती कर्जफेडीत घातली की भाडेकरू निघताना तुम्हीच उसने मागत फिराल. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा आणि तिची पावती सोसायटीला द्या.

आयकर

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजा, मग कर्जाचं व्याज वजा. मेंटेनन्स, दलाली, दुरुस्ती यांची वेगळी वजावट नाही, ती त्या ३० टक्क्यांतच आली. आपल्या उदाहरणात १,६५,००० वजा ९,००० म्हणजे १,५६,०००, त्याचे ३० टक्के काढून १,०९,२००. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३,२३,५००. म्हणजे कागदावर २,१४,३०० चा तोटा.

जुन्या करप्रणालीत यातले २ लाख पगाराच्या उत्पन्नातून वजा होतात आणि उरलेले पुढे आठ वर्षांपर्यंत घरभाड्याच्याच उत्पन्नातून. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतच नाही. ‘टॅक्स वाचतो म्हणून घ्या’ हा सल्ला आजही जोरात चालतो. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

कर्ज चालू असताना

रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला दर वाढला की बँक सहसा हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. संदेश येतो, कुणी वाचत नाही. आपल्या उदाहरणात सुरुवातीलाच दर ८.५ वरून ९.५ झाला आणि हप्ता ३३,३२५ च राहिला, तर २० वर्षांचं कर्ज २५ वर्षं ८ महिन्यांपर्यंत जातं. हप्ता २,४७० ने वाढवला तर मुदत २० वर्षंच राहते. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हीचा मेळ घालायचा, हे निवडण्याचा पर्याय बँकेने तुम्हाला द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. दर बदलला की शाखेला लेखी कळवा.

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही. त्यामुळे बोनस, दिवाळीचे पैसे, संपलेली आवर्ती ठेव यांतून मुद्दल फेडत राहा, आणि प्रत्येक वेळी ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लिहून द्या. भाड्याच्या फ्लॅटवर खर्च जाता हाती येणारा परतावा अडीच टक्क्यांच्याही आत आणि कर्ज साडेआठचं, हा फरक कमी करण्याचा दुसरा सरळ मार्ग नाही.

कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कागद घेताना वर सांगितलेली मूळ यादी सोबत न्या, एकेक पान ताडून घ्या, नोंदणी विभागातला गहाणाचा बोजा उतरवून घ्या आणि महिनाभराने सीबिल अहवालात कर्ज बंद दिसतंय का ते बघा.